चावी, पाव आणि देवळातली घंटा : पोर्तुगीज-मराठी देवघेवीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसई, रेवदंडा, कोर्लई, जुने गोवे. गेली काही वर्षं मी सुट्टीच्या दिवशी लोकांना घेऊन या जागा फिरतो. बस सुटली की प्रश्न सुरू होतात, आणि दर वेळी साधारण तेच असतात. म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवलं आहे. येण्याआधी वाचून या, म्हणजे किल्ल्यात उन्हात उभं राहून ऐकावं लागणार नाही.

पोर्तुगीज तर गोव्यात होते. महाराष्ट्राशी त्यांचा काय संबंध?

गोवा त्यांनी १५१० मध्ये घेतलं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण चौलजवळ रेवदंड्याचा कोट १५२० च्या दशकातच उभा राहिला. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई आणि तिच्यासोबत मुंबईची बेटं त्यांना देऊन टाकली. वसई त्यांच्याकडे १७३९ पर्यंत राहिली, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक. मुंबई मात्र त्यांनी इंग्लंडच्या राजाला लग्नात दिली. करार १६६१ चा, प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्ये. आता हिशेब करा. उत्तर कोकणातल्या सहा-सात पिढ्यांना ‘सरकार’ म्हणजे पोर्तुगीजच माहीत होते. गोव्यात तर हे १९ डिसेंबर १९६१ पर्यंत चाललं.

मराठीत पोर्तुगीज शब्द किती आहेत?

मी मोजत बसत नाही. हे एक वाक्य वाचा:

‘मेस्त्रीने बिजागरी बसवली, घमेलं धुऊन पिंपाजवळ उपडं घातलं, पगार घेतला आणि चावी देऊन गेला.’

मेस्त्री (मेस्त्रे, म्हणजे उस्ताद), बिजागरी (बिसाग्रा), घमेलं (गामेला), पिंप (पिपा), पगार (पागार, म्हणजे पैसे देणं), चावी (शाव्ह). क्रियापदं तेवढी आपली, बाकी जवळजवळ सगळं जहाजातून उतरलेलं. याच यादीत परात, फीत, लिलाव, काडतूस, कोबी, काजू, नाताळ आणि मुंबईकरांची बालदी येते.

या यादीकडे जरा नीट बघा. यात तत्त्वज्ञान नाही, काव्य नाही, दरबारी भाषा नाही. दरबारी भाषा आली ती फारसीकडून. पोर्तुगीजांकडून आलं ते सुताराचं, गवंड्याचं, स्वयंपाकघरातलं आणि गोदीतलं. शब्द हातातून हातात गेले. पोर्तुगीज सुताराने ‘ते बिसाग्रा दे’ म्हटलं, आपल्या सुताराने उचलून दिलं, आणि तो घरी गेला तोपर्यंत तिची बिजागरी झाली होती.

माझा सगळ्यात आवडता शब्द तुरुंग. पोर्तुगीजमध्ये ‘त्रोंकू’ म्हणजे झाडाचं खोड. कैद्याचे पाय लाकडी ओंडक्यात अडकवायचे, म्हणून कैदखानाही त्रोंकू. आता आपला ‘खोडा’ आठवा. तोही खोडावरूनच, तोही पाय अडकवायचाच. दोन भाषांनी वेगवेगळ्या किनाऱ्यांवर एकच कल्पना लढवली होती. आपण त्यांचा शब्द इमारतीसाठी घेतला आणि आपला ठेवला तो ‘कामात खोडा घालण्या’साठी.

पुण्यात ‘किल्ली’ म्हणतात आणि मुंबईत ‘चावी’. त्याचं कारण हेच का?

किल्ली आपली जुनी, चावी किनाऱ्यावरची. पोर्तुगीजांचा वावर किनाऱ्यावर होता, घाटावर नव्हता, तेव्हा अंदाज बरोबर वाटतो. पण आता हिंदीमुळे चावी सगळीकडे पोचली आहे, त्यामुळे यावरून कोणाचं मूळ गाव ओळखायला जाऊ नका. मी एकदा गेलो होतो आणि तोंडघशी पडलो. बाई चावी-चावी म्हणत होत्या आणि निघाल्या सदाशिव पेठेतल्या.

साबण आणि मेज हेही पोर्तुगीजच ना?

यादी लांबवायच्या हौसेने लोक हे दोन्ही घालतात. मेज फारसीतही आहे. साबण अरबीतही आहे (साबून) आणि पोर्तुगीजमध्येही (साबांव). एकाच बंदरात अरब, इराणी, गुजराती, पोर्तुगीज सगळे उतरत असताना एखादा शब्द नेमक्या कोणाच्या गाठोड्यातून पडला यावर पैज लावू नये. बिजागरी, घमेलं, चावी यांच्याबाबत शंका नाही, तेवढे पुरेत.

मुंबईचं नाव ‘बॉम बाइया’, म्हणजे ‘चांगला उपसागर’, यावरून पडलं हे खरं का?

नाही. पोर्तुगीजमध्ये बाइया हा शब्द स्त्रीलिंगी आहे. त्यामुळे ‘चांगली खाडी’ म्हणायचं तर ‘बोआ बाइया’ होईल. स्वतःच्या भाषेत एवढी ढोबळ चूक करून त्यांनी शहराला नाव दिलं असेल, हे पटत नाही. स्थानिक लोक मुंबादेवीवरून जे म्हणत होते तेच त्यांच्या तोंडी ‘बोंबाईं’ झालं, आणि इंग्रजांनी ते पुढे रेटलं.

वडापाव हा शंभर टक्के मराठी पदार्थ आहे, यावर तुम्ही वाद घालणार का?

वाद कशाला? मराठीच आहे. फक्त आतलं सामान तपासू. बटाटा दक्षिण अमेरिकेतला, नावासकट पोर्तुगीजांकडून आलेला. मिरचीही अमेरिका खंडातलीच. पाव म्हणजे पोर्तुगीज ‘पांव’. उरलं बेसन, लसूण, हळद, कढीपत्ता आणि तळणाऱ्याचा हात. दादरच्या स्टेशनाबाहेर १९६० च्या दशकाच्या शेवटी हे सगळं एकत्र आलं आणि गिरणीतल्या कामगाराचं जेवण झालं. पोर्तुगालमध्ये कोणाला हे सुचलं नाही.

पावाची गोष्ट मात्र इतकी गोड नाही. गोव्यात आणि वसईत जुनी माणसं सांगतात, की विहिरीत पाव टाकायचे आणि ते पाणी प्यायलेलं अख्खं गाव बाटलं असं समजलं जायचं. पाव म्हणजे बाटण्याची खूण. अनेक घरांत तो कित्येक पिढ्या उंबऱ्याच्या आत आला नाही. आज त्याच घरांत रविवारी मिसळ आणि लादी पाव असतो. गोव्यात पाव भाजणाऱ्याला अजून पदेर (पादेइरू) म्हणतात. यीस्ट मिळायचं नाही तेव्हा हे लोक पीठ आंबवायला माडाची सूर, म्हणजे ताडी, घालायचे. युरोपची भट्टी आणि कोकणचा माड असा तो पाव होता.

आणि उपवास? तो तरी शुद्ध आहे ना?

हा प्रश्न मी मुद्दाम आषाढी एकादशीच्या आसपास विचारायला लावतो. ताटात काय आहे? साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, रताळं, हिरवी मिरची, राजगिऱ्याचा लाडू. यातलं प्रत्येक पीक अमेरिका खंडातलं आहे. साबुदाणासुद्धा: आज बाजारात येणारा कसाव्याच्या कंदाचा असतो आणि मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलमहून येतो. यातली बरीचशी पिकं पोर्तुगीज जहाजांमधून या किनाऱ्याला लागली. ज्ञानेश्वर माउलींच्या काळात महाराष्ट्रात मिरची नव्हती. तिखटाला मिरी होती, आणि म्हणूनच नव्या तिखटाला आपण ‘मिरची’ म्हटलं. बटाटा स्वतःचं नाव घेऊन आला, मिरचीला आपण घरातलंच नाव दिलं.

ही पिकं उपवासाला चालतात कशी, यावर मला पटलेलं कारण असं: निषिद्ध धान्यांची यादी आधीच ठरली होती आणि हे पाहुणे त्या यादीत नव्हते. गहू-तांदूळ अडले, बटाटा सुटला. वरई मात्र पूर्वीपासून इथली, तिला या मोजणीत धरू नका.

हापूस पोर्तुगीज आहे का?

आंबा आपला. ‘अफोंसो’ हे नाव त्यांचं, त्याचा हापूस झाला. गोव्याच्या मानकुरादचं मूळ ‘मालकोरादू’, म्हणजे वाईट रंगाचा. खाताना रंगाकडे कोण बघतो! पोर्तुगीजांच्या काळात, विशेषतः जेझुइट पाद्र्यांच्या बागांमधून, आंब्यावर कलमं बांधण्याचं काम नेटाने झालं. त्यातून एकसारखं फळ देणारी झाडं तयार झाली आणि त्यांना माणसांची नावं मिळाली. गंमत म्हणजे ‘कलम’ हा शब्द अरबी-फारसी. म्हणजे देवगडच्या बागेतल्या ‘हापूसच्या कलमा’त झाड इथलं, नाव लिस्बनचं आणि तंत्राचा शब्द अरबस्तानचा.

मग फेणी?

काजू ब्राझीलहून आला, नावही तिथल्या तुपी लोकांचं. पण काजूच्या बोंडापासून दारू गाळायला लागल्यावर शब्द बघा: भट्टी, भाण (गाळायचं भांडं), निरो (बोंडाचा रस), हुराक (पहिल्या धारेची दारू), आणि शेवटी फेणी, तीही फेसाच्या ‘फेणा’वरून. एकही पोर्तुगीज नाही. कारण माडाची दारू गाळायची कला इथल्या लोकांकडे आधीपासून होती. फळ परकं, पण हात आपला, म्हणून शब्द आपले. बिजागरीच्या नेमकं उलट.

भीमाशंकरला म्हणे चर्चची घंटा आहे?

आहे. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावरही आहे. नाशिकला नारोशंकराच्या देवळाची घंटा प्रसिद्धच आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावरच्या देवळांत गेल्या.

मेणवलीची घंटा जवळून बघा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारिया कोरलेली आहे. घाट उतरून आलेल्या एका आजींनी तिला हात लावून नमस्कार केला. मी विचारलं, ‘ही कोण, माहीत आहे का?’ म्हणाल्या, ‘आई आहे की. मांडीवर पोर दिसतंय ना.’ पुढे मला काही सांगावंसं वाटलं नाही.

इतका छळ झाला, देवळं पाडली, इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) झालं. त्याला तुम्ही ‘देवघेव’ कसं म्हणता?

हा प्रश्न बसमध्ये कोणीतरी चिडून विचारतं आणि ते चिडणं रास्त आहे. गोव्यातलं इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झालं आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चाललं. तिसवाडी, बारदेश आणि सासष्टीतली देवळं पाडली गेली. १६८४ मध्ये लोकांच्या बोलीवर बंदी घालणारा हुकूम निघाला. कुटुंबंच्या कुटुंबं कारवार, मंगळूरपर्यंत पळाली. पाव-बटाट्याच्या गोडव्यात हे विसरणाऱ्यांपैकी मी नाही.

पण आता मंगेशीला चला. मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा. १५६० च्या सुमारास भक्तांनी लिंग उचललं, जुवारी नदी ओलांडली आणि प्रियोळला आणलं. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. फोंड्यात एवढी मोठी देवळं का, याचं उत्तर हेच: फोंडा तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता. तो त्यांच्या हाती लागला अठराव्या शतकात, आणि तोपर्यंत त्यांचा देवळं पाडण्याचा जोर ओसरला होता.

पुढची गोष्ट अशी. कवळ्याचं आजचं देऊळ छत्रपती शाहूंचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने १७३० च्या दशकात उभं राहिलं. तिकडे वसईवर मराठे चालून जात होते तेच हे दशक. आणि या देवळात काय दिसतं? कमानदार खिडक्या, भिंतीला चिकटलेले अर्धस्तंभ, गाभाऱ्यावर घुमट, आत झुंबरं. मंगेशीची मजल्यामजल्यांची अष्टकोनी दीपमाळ एखाद्या चर्चच्या मनोऱ्याची चुलत बहीण वाटते. ज्यांच्या भीतीने देव पळाला, त्यांच्याच इमारतींचं वळण त्याच्या नव्या घराला मिळालं. कारण बांधणारे गवंडी तेच होते. त्यांच्या बापजाद्यांनी चर्चवर काम केलं होतं आणि हात जे शिकले ते देवळावरही चाललं. भक्तांना त्यात काही वावगं दिसलं नाही. आज आपल्याला ‘खास गोव्याचं देऊळ’ म्हणून जे ओळखू येतं ते हेच.

म्हणून मी देवघेव म्हणतो. त्यात गोडीगुलाबी होती असा त्याचा अर्थ नाही.

एका इंग्रज पाद्र्याने मराठीत पुराण लिहिलं हे खरं?

थॉमस स्टीफन्स. जन्माने इंग्रज, पंथाने जेझुइट, १५७९ मध्ये गोव्यात आला तो इथेच राहिला आणि इथेच वारला. त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. बायबलची कथा सांगायची तर पुराणच हवं आणि ते ओवीतच हवं, हे त्याने ओळखलं. जे नवख्रिस्ती झाले होते त्यांच्या कानात ओवीच होती, पुराण ऐकायची सवय तर रक्तातच. स्वर्गाला तो बेलाशक वैकुंठ म्हणतो. धर्म बदलायला आलेल्या माणसाला भाषेने आपल्या छंदात बसवून घेतलं, असं मला ते वाचताना वाटत राहतं.

छपाई मात्र रोमन लिपीत झाली, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. गोव्यात छापखाना १५५६ पासूनच होता. तो निघाला होता अबिसीनियाला आणि राहिला गोव्यात. भारतातला पहिला छापखाना हाच.

कोर्लईत अजून पोर्तुगीज बोलतात?

पोर्तुगीज नाही, तिच्यापासून झालेली स्वतःची बोली. बोलणारे तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. साधारण हजारभर माणसं असतील. १७४० मध्ये चौल-कोर्लई मराठ्यांकडे आलं आणि पोर्तुगीज साहेब निघून गेले. मागे राहिली ती गरीब ख्रिस्ती कुटुंबं, शेती-मजुरी करणारी. धर्म वेगळा म्हणून शेजारच्या गावांत सोयरीक नाही, आणि गोव्याशी संबंध तुटलेला. त्यामुळे भाषा आपापसातच उरली.

आणि टिकून ती मराठीच्या अंगाने वळली. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची मांडणी मराठीची, क्रियापद शेवटी. लिस्बनच्या माणसाला शब्द ओळखीचे वाटतील आणि तरीही वाक्य कळणार नाही. घराबाहेर सगळं मराठीत चालतं. एक विनंती: तिथे जाऊन रस्त्यात कोणालाही ‘जरा बोलून दाखवा ना’ म्हणू नका. तुम्हाला कोणी बस थांब्यावर ‘जरा मराठी बोलून दाखवा’ म्हटलं तर कसं वाटेल?

वसईच्या ख्रिस्ती लोकांची मातृभाषा कोणती?

मराठी, किंवा तिची सामवेदी-कादोडीसारखी बोली. आडनाव डिमेलो, लोपीस, परेरा. घरात बोलणं ‘अस्सल वसईचं’. ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचेच. त्यांच्या निवडीवर काही लोकांनी नाकं मुरडली तेव्हा मला हसू आलं. मुंबई परिसरातल्या जुन्या ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. गोव्याहून नोकरीला येणाऱ्या ख्रिश्चनांहून आपण वेगळे, इथलेच, हे इंग्रज सरकारला सांगायला. त्यांच्या लग्नात अजून वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचं पाणी आणतात, आणि वर्षभराचा बाटली मसाला उन्हाळ्यात कुटून गडद बाटल्यांत दाबून भरतात. म्हणून तो बाटली मसाला. ‘बाटलेला मसाला’ असा विनोद कोणीतरी दर सहलीत करतंच. कृपया करू नका.

आपल्याकडून त्यांच्याकडे काय गेलं?

लिस्बनच्या कुठल्याही साध्या कॅफेत समोसा मिळतो, नाव ‘शामुसा’. आजारी माणसाला देतात ते कोंबडीचं पातळ सूप म्हणजे ‘कांजा’. आपली कांजी, केरळच्या वाटेने गेलेली. छापील सुती कापड ‘शिता’, आपलं चीट. आणि २०१५ ते २०२४ पोर्तुगालचे पंतप्रधान असलेले अँतोनियू कॉस्ता मडगावच्या घराण्यातले. घरी त्यांना ‘बाबुश’ म्हणत.

पण माझं मन गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे जातं. नाइलाजाने ख्रिस्ती झालेल्या ज्यू घराण्यातला. १५३४ मध्ये गोव्यात आला. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं. इथल्या वैद्य-हकिमांना विचारून त्याने औषधी वनस्पतींवर संवादरूपाने ग्रंथ लिहिला, तो १५६३ मध्ये गोव्यातच छापला. आंबा, नारळ, हिंग, सगळं त्यात आहे. युरोपातल्या वैद्यांनी पुढे कितीतरी वर्षं त्याच्या जिवावर शहाणपण मिरवलं. तो १५६८ मध्ये वारला. १५८० मध्ये इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली, गुपचूप ज्यू धर्म पाळत होता म्हणून.

गोव्याच्या विंदालूत, म्हणजे त्या मांसाच्या आंबट-तिखट रश्श्यात, आलू का नसतो?

कारण तो ‘आलू’ नाहीच. ‘व्हिन्या द आल्युश’ म्हणजे दारू/व्हिनेगर आणि लसूण. बटाटे घालून देणारं हॉटेल दिसलं तर दुसरं काहीतरी मागवा.

हिंदी सिनेमातल्या वाद्यवृंदाचा याच्याशी काही संबंध?

थेट. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमधून गरीब मुलांनाही स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. ती मुलं मोठी होऊन पोटापाण्यासाठी मुंबईला आली. आपल्या संगीतकारांच्या डोक्यात चाल असायची, पण पन्नास वादकांना एकाच वेळी कागदावरून वाजवायला लावायचं तर लिहिणारा हवा. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा, चिक चॉकलेट हे ते लिहिणारे. पडद्यावर त्यांचं नाव क्वचितच यायचं. प्यारेलाल मात्र लहानपणी अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि त्या गुरूचं नाव त्यांनी एका गाण्यात कायमचं बसवलं. ते गाणं तुम्हाला माहीत आहेच. तियात्र हा कोकणी नाट्यप्रकारही, नाव ‘तेआत्रू’वरून, पहिल्यांदा १८९२ मध्ये झालं ते मुंबईतच.

एका दिवसात काय बघून होईल?

रेवदंडा आणि कोर्लई. सकाळी लवकर अलिबागहून निघा. रेवदंड्याचा कोट गावाभोवती आहे, आत माडांच्या वाड्या आणि घरं, मधूनच एखादी चर्चची भिंत. सातखणी मनोरा चुकवू नका, पण त्याच्या अगदी खाली उभे राहू नका, दगड सुटतात. कुंडलिका खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लई. दीपगृहाच्या बाजूने किल्ल्यावर चढायला अर्धा तास लागतो. वर सावली नाही, पाणी बरोबर घ्या. उतरताना गावातल्या माउंट कार्मेलच्या चर्चशी थांबा. प्रार्थना मराठीत चालते, बाहेर वाट बघितलीत तर ऐकू येईल.